‘पोझोर’ म्हणजे सावधान की लाज? स्लाव्हिक भाषांतल्या फसव्या शब्दांची गोष्ट

झेक प्रजासत्ताकात घरांच्या फाटकावर कुत्र्याचं चित्र असतं आणि त्याखाली दोनच शब्द: ‘पोझोर, पेस!’ म्हणजे कुत्र्यापासून सावध राहा. रशियन पाहुणा ही पाटी वाचतो तेव्हा त्याला दोन्ही शब्द ओळखीचे वाटतात. पेस म्हणजे कुत्रा, इथपर्यंत ठीक. पण पोझोर म्हणजे त्याच्या भाषेत लाज, बेअब्रू, नाचक्की. ‘लाज आहे, कुत्रा!’ असलं काहीतरी विचित्र वाक्य त्याच्या हाती लागतं. झेक शब्दकोश उघडायचं मात्र त्याच्या मनात येत नाही, कारण शब्द तर येतोय की!

गोम इथेच आहे. अनोळखी शब्द फसवत नाही, तो फक्त अडवतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. दोन भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असलेल्या अशा शब्दांना भाषेचे अभ्यासक ‘फसवे मित्र’ म्हणतात. या लेखात एवढी एकच परिभाषा लक्षात ठेवली तरी पुरे.

विषय आत्ताच का? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचा मोठा हल्ला झाला आणि लाखो युक्रेनियन माणसं पोलंड, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया अशा जवळपासच्या देशांत गेली. तिथे घर भाड्याने घेणं, मुलांना शाळेत घालणं, दवाखान्यात वेळ ठरवणं हे सगळं ‘जवळजवळ कळणाऱ्या’ भाषेत सुरू झालं. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थीही, त्यात महाराष्ट्रातली बरीच मुलं, शेजारच्या देशांच्या सीमा ओलांडून परतले. रशियात डॉक्टरकी शिकायला आजही मुलं जातात. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

(उच्चार देवनागरीत जमतील तितके दिले आहेत. स्वर आणि आघात भाषेगणिक थोडे बदलतात. लेखी रूपं मात्र फार जवळची आहेत.)

आधी घराणं समजून घेऊ

स्लाव्हिक भाषांच्या तीन शाखा. पूर्वेकडे रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेकडे पोलिश, झेक, स्लोव्हाक आणि काही छोट्या भाषा. दक्षिणेकडे स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी या सगळ्यांची एकच बोली होती. मग माणसं पांगली, शेजारी बदलले, कोणी रोमच्या चर्चकडे गेलं, कोणी कॉन्स्टँटिनोपलच्या. काहींनी रोमन लिपी घेतली, काहींनी सिरिलिक. शब्दांची गाठोडी मात्र सगळ्यांनी एकाच घरातून नेली होती.

वाटणीत मिळालेलं तेच भांडं एका घरात पाणी तापवायला, दुसऱ्या घरात धान्य साठवायला आणि तिसऱ्या घरात तुळस लावायला वापरलं जातं, तसं शब्दांचं झालं. आपल्याला हे नवं नाही. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते आणि मराठीत कोर्टात. ‘खाली’ हिंदीत रिकामं, मराठीत खालच्या बाजूला. ‘राग’ संस्कृतात रंगही होता, प्रेमही होतं. गाण्यातला राग आपल्याकडे आहेच, पण रोजच्या बोलण्यात त्याचा संताप झाला.

पोझोर: पाहण्यापासून लाजेपर्यंत

पोझोरच्या मुळाशी ‘पाहणे’ हा धातू आहे. जुन्या चर्च स्लाव्हॉनिकमध्ये, म्हणजे स्लाव्हिक घराण्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथभाषेत, पोझोर म्हणजे देखावा, लोकांनी पाहावं असं दृश्य. तिथून वाटा फुटल्या.

झेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन लोकांनी पाहण्याची क्रिया धरली: नीट बघ, लक्ष दे, सावध. पोलिश लोकांनी दिसण्याची बाजू धरली. त्यांच्याकडे ‘पोझुर’ म्हणजे वरवरचं रूप, आतून खरं असेलच असं नाही. सर्बियन भाषेने देखाव्याची जागा धरली, तिथे ‘पोझोरिश्ते’ म्हणजे नाट्यगृह. आणि रशियन, बल्गेरियन भाषांत चारचौघांनी पाहिलेला देखावा म्हणजे ज्याला पाहिलं जातं त्याची बेअब्रू.

नाट्यगृह आणि बेअब्रू एकाच शब्दातून कसे निघतील, असं वाटत असेल तर आपल्या ‘तमाशा’कडे पाहा. तो फडावर रंगतो तेव्हा कला असते, आणि ‘रस्त्यात तमाशा नको’ म्हणतो तेव्हा अब्रूचा प्रश्न असतो. मराठीने दोन्ही अर्थ एका शब्दात सांभाळले. स्लाव्हिक भाषांनी ते आपापसांत वाटून घेतले. बहुतेक फसव्या मित्रांमागे हेच असतं.

ताजी भाकरी, शिळी भाकरी

प्रागच्या बेकरीत ‘चेर्स्तवी’ लिहिलेला पाव म्हणजे ताजा पाव. वॉर्सामध्ये तोच शब्द, ‘चेर्स्तफी’, पावाला लावला तर तो शिळा, कडक झालेला. रशियनमध्येही ‘च्योर्स्त्वी’ पाव शिळाच, आणि च्योर्स्त्वी माणूस म्हणजे काळजाचा कठोर.

एकाच शब्दाचे इतके उलटे अर्थ पाहिल्यावर वाटतं की कुणीतरी चूक केली असणार. पण मूळ अर्थ ताजाही नव्हता आणि शिळाही नव्हता. मूळ अर्थ होता घट्ट, टणक; सर्बियन ‘च्वर्स्त’ आजही तोच अर्थ सांगतो. टणक म्हणजे धडधाकट, धडधाकट म्हणजे टवटवीत, टवटवीत म्हणजे ताजं: ही झेक वाट. टणक म्हणजे कडक, कडक झालेला पाव म्हणजे कालचा: ही पोलिश आणि रशियन वाट. पोलिशमध्ये तर दोन्ही वाटा अजून चालू आहेत. पाव चेर्स्तफी असेल तर वाईट. म्हातारा चेर्स्तफी असेल तर छान, वयाच्या मानाने खणखणीत. ‘आजोबा ऐंशीतही टणक आहेत’ आणि ‘भाकरी टणक झाली’ ही दोन वाक्यं आपण एकाच दिवशी बोलतो आणि कोणी गोंधळत नाही, तसंच.

व्यवहारापुरतं: पोलंडमध्ये ताजा पाव हवा असेल तर ‘श्फ्येझी’ म्हणायचं, रशियात ‘स्व्येझी’. चेर्स्तवी फक्त झेक आणि स्लोव्हाक दुकानात.

वासाचंही असंच. झेकमध्ये ‘वून्ये’ म्हणजे सुगंध, अत्तराला ‘वोन्याव्का’ म्हणतात. रशियन ‘वोन’ म्हणजे दुर्गंधी. पोलिश ‘वोन्य’ मधल्यामध्ये, नुसता गंध, आणि बहुधा चांगलाच. रशियनमध्ये जुना चांगला अर्थ ‘ब्लागोवोनिये’ या जोडशब्दात, म्हणजे धूप-सुगंधी द्रव्यात, शिल्लक आहे. शब्दाचं मूळ श्वास घेण्याच्या क्रियेशी जातं, आपल्या ‘प्राण’मधला ‘अन्’ त्याच घराण्यातला. संस्कृतात ‘घ्राण’ म्हणजे वास घेणं, नाक. त्याचं मराठीत ‘घाण’ झालं. रशियनला हसण्याआधी हे आठवावं.

बोलणं, शब्द की वस्तू?

माझ्या मते सगळ्यांत मजेदार उदाहरण हे आहे. रोमन लिपीत तीनच अक्षरांचा एक शब्द, ‘रेच’. स्लोव्हाकमध्ये त्याचा अर्थ भाषा, बोलणं. सर्बियनमध्ये शब्द. स्लोव्हेनियनमध्ये वस्तू. स्पेलिंग तिन्हीकडे अगदी तेच, च वरच्या छोट्या खुणेसकट. रशियन ‘रेच’ म्हणजे बोलणं, भाषण; युक्रेनियन ‘रिच’ म्हणजे वस्तू; पोलिश ‘झेच’ म्हणजेही वस्तू, बाब. पोलंडच्या अधिकृत नावातला ‘झेचपोस्पोलिता’ म्हणजे शब्दशः ‘सर्वांची बाब’, प्रजासत्ताक.

बोलण्याची वस्तू कशी झाली? ज्याबद्दल बोलतो ती बाब, बाब म्हणजे वस्तू. अवघड वाटलं तर ‘गोष्ट’ हा आपला शब्द घ्या. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे बैठक, संभाषण. मराठीत गोष्टी करतात, गोष्ट सांगतात, आणि ‘ती गोष्ट वेगळी’ किंवा ‘बाजारातून चार गोष्टी आण’ असंही म्हणतात. आजीची गोष्ट आणि बाजारातली गोष्ट यांत जे अंतर आहे, तेच स्लोव्हाक आणि स्लोव्हेनियन रेचमध्ये आहे.

आता एक शब्द सरकला की शेजारच्यालाही हलावं लागतं. ‘स्लोवो’ रशियन, झेक, पोलिशमध्ये म्हणजे शब्द. (संस्कृत ‘श्रवस्’चा हा चुलतभाऊ, म्हणजे ऐकण्याशी नातं.) क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये स्लोवो म्हणजे वर्णमालेतलं अक्षर. स्लोव्हेनियनमध्ये स्लोवो म्हणजे निरोप! मग स्लोव्हेनियन माणूस शब्दाला काय म्हणतो? ‘बेसेदा’. आणि बेसेदा रशियनमध्ये गप्पा, संवाद, बल्गेरियनमध्ये व्याख्यान. संगीतखुर्चीसारखं आहे हे: खुर्च्या त्याच, बसणारे बदलले.

रेचच्याच धातूतून, म्हणजे ‘सांगणे’मधून, ‘रोक’ निघाला. सांगून ठरवलेली वेळ. क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये रोक म्हणजे मुदत, डेडलाइन. पोलिश, झेक, स्लोव्हाकमध्ये वर्ष. रशियनमध्ये आधीच ठरलेलं, टळणार नाही ते: नियती.

घड्याळ आणि कॅलेंडर: इथे खरं नुकसान होतं

पावाच्या गोंधळात फार तर हसं होतं. वेळेच्या गोंधळात गाडी चुकते.

‘गोदिना’ सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियनमध्ये वर्ष. पोलिश ‘गोजिना’, झेक ‘होदिना’, युक्रेनियन ‘होदिना’ म्हणजे एक तास. युक्रेनियन बाई ‘तासाभराने येते’ म्हणाली तर बल्गेरियन माणसाला ती वर्षभराने येते असं ऐकू येऊ शकतं. रशियन माणूस तासाला ‘चास’ म्हणतो. पण पोलिश, झेक, युक्रेनियनमध्ये चास म्हणजे तास नाही, एकूणच काळ, वेळ.

‘नेदेल्या’चं तर कोडंच. नकार आणि काम, म्हणजे काम न करायचा दिवस. युक्रेनियन, पोलिश, झेक, बल्गेरियन सगळ्यांकडे हा रविवार. रशियनमध्ये नेदेल्या म्हणजे आठवडा. रविवार ते रविवार मोजता मोजता दिवसाचं नाव सगळ्या आठवड्याला चिकटलं, आणि रविवारला ‘पुनरुत्थान’ या अर्थाचं चर्चचं नाव मिळालं. सोमवारचं रशियन नाव मात्र अजून ‘नेदेल्यानंतरचा’ असंच आहे, म्हणजे जुना अर्थ तिथे लपून बसला आहे. सर्बियन लोक नेदेल्या दोन्ही अर्थांनी वापरतात आणि संदर्भावर सोडतात. आपल्याकडे फारसी ‘हफ्ता’ हिंदीत आठवडाच राहिला; मराठीत ‘हप्ता’ झाला तो कर्जाचा, किंवा गल्लीतल्या दादाचा.

महिन्यांकडे जरा थांबून पाहावं लागेल. ‘लिस्तोपाद’, म्हणजे पानगळ. क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, लिस्तोपाद म्हणजे ऑक्टोबर. वॉर्सा, प्राग आणि कीव्हमध्ये नोव्हेंबर. लिंडेन या झाडाच्या फुलांचा महिना क्रोएशियात जून, पोलंड आणि युक्रेनमध्ये जुलै. विळ्याचा महिना क्रोएशियात जुलै, पोलंड, झेक प्रजासत्ताक आणि युक्रेनमध्ये ऑगस्ट. गवताचा महिना क्रोएशियात एप्रिल, युक्रेनमध्ये मे. फुलांचा महिना पोलंड-युक्रेनमध्ये एप्रिल, झेकमध्ये मे.

दक्षिणेत ऋतू लवकर येतो म्हणून नावं एक महिना आधी, हे लिंडेन, विळा आणि गवताला लागू पडतं. पानगळीला नाही: उत्तरेत पानं आधी गळायला हवीत, पण नाव नंतर येतं. तेव्हा हवामानावर सगळं टाकून मोकळं होता येत नाही. महिन्यांची नावं आधी ढोबळ हंगामाची होती, ती बारा खणांच्या कॅलेंडरमध्ये बसवताना प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने बसवली. आपल्याकडे उत्तरेतला श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, कारण तिथे महिना पौर्णिमेला संपवतात आणि इथे अमावास्येला. नाव तेच, दिवस वेगळे.

उपाय अगदी साधा. तारीख लिहिताना महिन्याचं नाव न लिहिता आकडा लिहायचा. क्रोएशियन लोक स्वतःही बोलताना बरेचदा ‘दहावा महिना’ असंच म्हणतात.

दुकान, तळघर, थडगं

काही फसवे मित्र जुन्या घरातले नसतात, शेजाऱ्याकडून आलेले असतात. पोलिश ‘स्क्लेप’ म्हणजे दुकान. झेक ‘स्क्लेप’ म्हणजे तळघर. रशियनमध्ये तो पोलिशकडून गेला आणि तिथे अर्थ झाला कबरीचं तळघर. मुळात स्क्लेप म्हणजे कमानदार छत असलेली खोली. व्यापारी अशा खोल्यांत माल ठेवून विकत, तिथून दुकान. कमानीखाली पिंपं ठेवली की तळघर. शवपेट्या ठेवल्या की थडगं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. ज्या मुलखातून ती आली, तिथे त्यांच्या रोजच्या ‘दुकाना’चा अर्थ थडगं होत होता.

फारसी ‘दिवान’ही तिकडे पोहोचला आहे. रशियन दिवान म्हणजे सोफा, पोलिश दिवान म्हणजे गालिचा. आपल्याकडे दिवाण माणूस आहे आणि दिवाणखाना खोली. सर्बियनमध्ये मात्र ‘दिवान’ हे ‘अप्रतिम’ या अर्थाचं विशेषणही आहे, आणि त्याचा या फारसी शब्दाशी काहीही संबंध नाही. निव्वळ योगायोग. दोन शब्द सारखे दिसले की नातं असतंच, असं धरून चालू नये.

उपसर्गाने केलेली फुली

पोलिश ‘झापोम्न्येच’ म्हणजे विसरणे. रशियन ‘झापोम्नित’ म्हणजे लक्षात ठेवणे. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पोलिश ‘झापाम्येंताच’ म्हणजे लक्षात ठेवणे, आणि रशियन ‘झापाम्यातवत’ म्हणजे विसरणे! दोन भाषा, दोन शब्द, आणि अर्थांची बरोबर फुली.

सगळ्यांचं मूळ ‘मन’, ‘मति’ या आपल्या शब्दांच्या घराण्यातलं आहे. खेळ केलाय ‘झा’ या उपसर्गाने. तो कधी ‘पक्कं, पूर्ण’ सांगतो, कधी ‘पलीकडे, हातून गेलं’ सांगतो. आपला ‘वि’ हेच करतो: विज्ञानात ज्ञान वाढतं, विस्मरणात स्मरण जातं. परदेशी विद्यार्थ्याने उपसर्ग पाहून अर्थ ताडायचा प्रयत्न केला की इथे हमखास पडतो. हे चार शब्द पाठच करावे लागतात.

‘मग हे लोक एकमेकांशी बोलतात तरी कसे?’

बोलतात, आणि बऱ्यापैकी बोलतात. पाणी, आई, हात, रात्र, दोन, तीन असे शेकडो शब्द जवळपास सारखे आहेत. झेक आणि स्लोव्हाक माणसं आपापल्या भाषेत बोलून सहज निभावतात. पोलिश आणि रशियन माणसांना तितकं सोपं जात नाही. फसवे मित्र एकूण शब्दसंख्येच्या मानाने थोडे, पण ते नेमके रोजच्या शब्दांत दडलेले आहेत.

‘मूळ अर्थ कोणी राखला? तोच खरा ना?’

कोणी एकानेच राखला असं नाही. ‘झिवोत’ सर्बियन, झेक, बल्गेरियनमध्ये आयुष्य, रशियनमध्ये पोट. जुना अर्थ आयुष्य, आणि रशियनमध्येही तो ‘जीवनासाठी नाही, मरणासाठी लढणे’ अशा अर्थाच्या वाक्प्रचारात उरला आहे. म्हणून रशियन चुकीचं ठरत नाही. वॉर्डात रशियन रुग्ण ‘बोलित झिवोत’ म्हणाला तर पोटच तपासायचं. आधी सर्बियन शिकलेल्या डॉक्टरने ‘याचं आयुष्य दुखतंय’ असं समजून मानसोपचाराची चिठ्ठी लिहू नये. अशीच काळजी ‘पोनोस’ची: सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये अभिमान, रशियनमध्ये जुलाब. आणि ‘स्तोलित्सा’ पोलिश-रशियनमध्ये राजधानी, क्रोएशियनमध्ये खुर्ची, स्लोव्हाक दवाखान्यात शौचाचा नमुना.

‘फोनमधलं भाषांतर आहे की!’

पूर्ण वाक्य दिलं तर ते चांगलं काम करतं. एकट्या शब्दाची पाटी दिली तर गडबडतं, कारण भाषा कुठली हे त्याला आधी ओळखावं लागतं. सिरिलिकमध्ये लिहिलेला एकटा शब्द रशियन की बल्गेरियन, हे अक्षरांवरून नेहमीच कळतं असं नाही. म्हणून फोटो काढण्याआधी भाषा स्वतः निवडा, ‘आपोआप ओळखा’वर सोडू नका. पाटीवरचा एकच शब्द न टिपता शेजारच्या दोन-तीन ओळीही चौकटीत घ्या.

बल्गेरियात गाडी चालवणाऱ्याला हे सगळ्यांत आधी लागतं. रशियनमध्ये ‘नाप्रावो’ म्हणजे उजवीकडे. बल्गेरियनमध्ये नाप्रावो म्हणजे सरळ. उजवीकडे हवं तर ‘नाद्यास्नो’. रशियन शिकून गेलेल्या माणसाला सोफियातल्या चौकात कोणी नाप्रावो म्हटलं, तर त्याने स्टिअरिंग न वळवता सरळ जायचं. खात्री नसेल तर हाताने दाखवायला सांगावं. मात्र ‘सरळ ना?’ असं विचारून समोरच्याच्या मानेवर विसंबू नये, कारण बल्गेरियात अनेक जण मान आडवी हलवतात तेव्हा त्यांना ‘हो’ म्हणायचं असतं.